कांडला बंदराचा हजेरीपट

गांधीधाममध्ये नव्यानं आलेला मराठी माणूस पहिल्यांदा कांडल्याला जातो, तेव्हा थोडा खट्टू होतो. बंदर म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर भाऊचा धक्का असतो, मिरकरवाडा असतो, फार तर मालवण. पुढे उघडा समुद्र, मागे माडांची रांग. इथे सरळसोट रस्ता, दोन्ही हातांना मिठागरं, मिठाचे पांढरे ढीग आणि मग एकदम क्रेनच्या माना. पाणी दिसतं ते खाडीचं, चहासारखं गढूळ. कच्छच्या आखाताच्या तोंडापासून हे बंदर सुमारे ९० किलोमीटर आत आहे. लाट इथे जवळजवळ नाहीच. जे काही आहे ते भरती आणि सुकती.

आमच्या मुंबईला उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं. कांडल्याला सहा-सात. मी या धक्क्यांवर टॅली क्लार्क म्हणून उभी हयात काढली, जहाजांचा माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या एका खाजगी स्टिव्हेडोर फर्ममध्ये. सकाळी जहाजावर चढताना शिडी जेमतेम कललेली असे आणि दुपारी त्याच शिडीवरून उतरताना गुडघे थरथरत, कारण तेवढ्या वेळात सगळं जहाज दुमजली घराइतकं वर गेलेलं असे. जहाजाचे दोर भरतीत सैल सोडायचे, सुकतीत आवळायचे. दिवसरात्र कुणीतरी त्या दोरांवर लक्ष ठेवून असतंच. हे एवढं बारीक सांगतो आहे, कारण पुढे जे घडलं त्यात हेच दोर येणार आहेत.

आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत बंदराचा इतिहास असावा असं ठरलं, तेव्हा मी तो लिहायला आनंदानं तयार झालो. आपण इथे आलो ते बंदरामुळे. आपली घरं, मुलांच्या शाळा, गणपतीची वर्गणी, सगळं या खाडीच्या पाण्यावर चाललं. त्याचं देणं थोडं तरी फिटावं.

सुरुवात संस्थानी काळातली. अंजारचं जुनं बंदर तुणा. तिथे पाणी उथळ, मोठी बोट लागेना. कच्छचे महाराव तिसरे खेंगारजी यांनी कांडल्याच्या खोल खाडीत १९३१ साली काँक्रीटचा एक धक्का बांधून घेतला. एकच जहाज लागेल एवढा. पुढची सोळा वर्षं तो संस्थानापुरता राहिला.

मग फाळणी झाली आणि कराची गेली. पंजाब, राजस्थान, दिल्लीकडचा माल ज्या बंदरातून जात-येत असे ते रातोरात परदेशात गेलं. सगळा भार मुंबईवर आला आणि मुंबईच्या गोद्यांना तो पेलेना. पश्चिम किनाऱ्यावर नवं मोठं बंदर कुठे काढावं, हे ठरवायला कस्तुरभाई लालभाई यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिनं १९४८ मध्ये कांडल्याचं नाव सुचवलं. जानेवारी १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली. त्याच वर्षी डीसा ते गांधीधाम ही मीटरगेज रेल्वे सुरू झाली. ती नसती तर बंदर असून नसल्यासारखं होतं. ८ एप्रिल १९५५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी कांडला हे प्रमुख बंदर म्हणून जाहीर केलं.

बंदराबरोबर गाव वसलं, तेही निर्वासितांचं. सिंधमधून आलेल्या कुटुंबांसाठी भाई प्रताप डियलदास यांनी सिंधु रिसेटलमेंट कॉर्पोरेशन उभी केली. महाराव विजयराजजींनी १५,००० एकर जमीन दिली. बाभळी आणि साप यांच्याखेरीज काही नसलेल्या त्या जागेत आदिपूर आणि गांधीधाम उभं राहिलं. आदिपूरला गांधीजींच्या अस्थींची समाधी आहे, तिथे आपण दरवर्षी मुलांना घेऊन जातोच. ज्यांचं बंदर गेलं, त्यांनीच नव्या बंदराचं गाव वसवलं. मला हे या शहराचं सगळ्यात मोठं धन वाटतं.

आपल्या तरुण मंडळींना एक गोष्ट बहुधा ठाऊक नसते. १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० कच्छ हा द्विभाषिक मुंबई राज्याचा भाग होता. त्या साडेतीन वर्षांत कांडला आणि रत्नागिरी एकाच राज्यात होते आणि दोन्हीकडचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. तेव्हा आपण इथे अगदीच उपरे आलो असं म्हणायचं कारण नाही.

पुढच्या वर्षांचा हिशेब थोडक्यात देतो. १९६४ मध्ये पोर्ट ट्रस्ट झाला. १९६५ मध्ये इथे मुक्त व्यापार क्षेत्र सुरू झालं, आशियातलं पहिलं. १९७८ मध्ये आखाताच्या पलीकडच्या काठावर वाडीनारला कच्च्या तेलाचा तळ आला. तिथे मोठी टँकर जहाजं धक्क्याला लागतच नाहीत, भर पाण्यातल्या बोयाला बांधून तेल ओततात. कांडल्याला गहू, खत, साखर, मीठ, खाद्यतेल, डिझेल, रसायनं आणि लाकूड येत-जात राहिलं. गांधीधामच्या वखारींतलं लाकूड उत्तर हिंदुस्थानातल्या किती दारा-खिडक्यांत बसलं असेल त्याची मोजदाद नाही.

काम कसं चालतं ते न पाहिलेल्या वाचकासाठी सांगतो. जहाज आधी बाहेर तुणा बोयापाशी येऊन नांगर टाकतं. त्या जागेला सगळे ओटीबी म्हणतात. तिथे पायलट चढतो. खाडीचा तळ गाळाचा, सतत हलणारा. ड्रेजर उपसत असतो आणि भरती परत आणून टाकत असते. म्हणून भरलेलं जहाज भरतीच्या पाण्यावरच आत घ्यायचं. वेळ चुकली तर पुढच्या भरतीपर्यंत थांबणं आलं. जहाज धक्क्याला लागलं की हॅच उघडते, गँग चढते, मुकादम शिट्टी मारतो. ओंडका असेल तर दोन बाजूंना दोर घालून डेरिकनं उचलायचा. तो हवेत गरगर फिरायला लागला की खालच्या माणसांनी कुठे उभं राहायचं हे ज्याला कळतं तो जुना गडी. आणि टॅली क्लार्क तक्तापाटीला कागद लावून कडेला उभा. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. पोतं फुटलं तर वेगळ्या रकान्यात, ओलं निघालं तर त्याचा वेगळा रकाना. पाळी संपताना जहाजाची टॅली आणि धक्क्याची टॅली जुळली पाहिजे. एका पोत्याचा फरक आला तरी दोन-दोन तास भांडणं मी पाहिली आहेत.

आता ९ जून १९९८.

त्या आठवड्यात अरबी समुद्रात वादळ उठलं होतं. वटपौर्णिमेचे दिवस. आमच्या घरी आदल्या संध्याकाळी आंबे आणि सूत आणून ठेवलं होतं. मी रात्रपाळी करून पहाटे गांधीधामला परतलो, तेव्हा वारा होता, पण जूनमध्ये कच्छला वारा असतोच. वादळ सकाळी पोरबंदरजवळ जमिनीवर चढलं. वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. सौराष्ट्र ओलांडून ते आखातावर आलं आणि दुपारी कांडल्यावर. पौर्णिमा तोंडावर आलेली, म्हणजे आधीच उधाण. त्यावर वाऱ्यानं रेटलेलं पाणी नरसाळ्यात ओतावं तसं आखातातून आत शिरलं. आखात आत येत जातं तसं चिंचोळं होतं. पाण्याला पसरायला जागा मिळाली ती बंदराच्या सखल जमिनीवर, मिठागरांत आणि झोपड्यांत.

बंदरात वादळाचा बावटा चढवायची रीत फार जुनी. एक आणि दोन नंबर दूरच्या वादळाचा, तीन-चार स्थानिक, पाच ते सात धोक्याचा, आठ ते दहा महाधोक्याचा. अकरा नंबरही आहे. त्याचा अर्थ असा की, वादळाचा इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्क तुटला. जहाजाच्या कप्तानाला बावटा बघताच कळतं काय करायचं. पण ओडिशातून, बिहारमधून, आंध्रातून आलेला गडी, जो कामावर लागून महिना झाला नाही, त्याला खांबावरचे सुळके आणि नळकांडी काय सांगणार? इशारा समुद्रातल्या माणसासाठी होता. मिठागरातल्या झोपडीपर्यंत तो पोचला नाही. काही जणांनी पाणी वाढताना पाहिलं, तेव्हा त्यांना ती नेहमीची भरतीच वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही फर्मच्या ट्रकनं निघालो. रस्ता जिथे संपला तिथून चालत. रस्त्यावर आडवेतिडवे ओंडके पडले होते. आठवड्यापूर्वी मी स्वतः मोजलेले, टोकाला रंगाची खूण असलेले. मिठाचे ढीग विरघळून गेले होते. धक्क्यावर क्रेन कोसळल्या होत्या, जहाजांचे दोर तुटले होते. आदल्या रात्रीपर्यंत जे दोर भरतीबरोबर वीत-वीत सैल सोडले जात होते, ते त्या दुपारी कुणाच्या हातात राहणार होते? रेल्वेच्या रुळाखालची खडी वाहून गेली होती आणि रूळ शिडीसारखे लोंबत होते. वास कशाचा येत होता ते मी इथे लिहीत नाही.

माझ्या खिशात आमच्या गँगची हजेरी होती. मुकादमकाका मूळचे राजापूरकडचे. त्यांनी एका उलट्या पडलेल्या हातगाडीवर बसून ती यादी मोठ्यानं वाचायला लावली. लोक ओ देत होते. कुणी गांधीधामला नातेवाइकाकडे पोचला होता, कुणी पाण्याच्या टाकीवर चढून वाचला होता. दोन नावांना ओ आली नाही. काकांनी त्या दोन नावांपुढे खूण केली आणि मग म्हणाले, "अरे, ही झाली आपली माणसं. यांच्या खोपटात जी होती त्यांची यादी कुणाकडे आहे?" कुणाचा गावाहून आलेला भाऊ, कुणाची बायको आणि दोन पोरं, कुणाच्या ओळखीवर काम शोधायला आलेले चार जण. ती यादी कुणाकडेच नव्हती.

सरकारी आकडा गुजरातभरात १,१७३ मृत आणि १,७७४ बेपत्ता असा आहे. खरा आकडा याच्या कितीतरी पट असल्याचे अंदाज तेव्हापासून केले गेले, दहा हजारांपर्यंतचे. मी आयुष्यभर मोजण्याचं काम केलेला माणूस आहे, म्हणून मला या आकड्यातली एक गोष्ट फार बोचते. बेपत्ता माणसं मृतांपेक्षा जास्त आहेत. ज्याच्या नावाची नोंद कुठे तरी आहे तोच बेपत्ता ठरतो. ज्याची नोंदच नव्हती, तो बेपत्ताही झाला नाही.

बंदर उभं राहिलं. ते कसं, हे सांगितलं पाहिजे, कारण त्यात शेकडो लोकांच्या हातांची कमाई आहे. वादळानंतर बंदर उघडायचं तर पहिलं काम पाण्याखालचं. जागचे हललेले बोये पुन्हा बसवायचे, खाडीची खोली नव्यानं मापायची, वाटेत काही बुडालेलं नाही ना ते पाहायचं. तोवर बाहेरचं जहाज आत घेता येत नाही. त्याच वेळी जमिनीवर गॅसकटरनं क्रेनचे सांगाडे कापत होते. पाण्यात बुडालेल्या मोटरी सोडवून, धुऊन, वाळवून परत जोडत होते. खाऱ्या पाण्यानं भिजलेलं खत दगडासारखं झालं होतं, ते पहारींनी फोडावं लागलं. विम्याचे सर्व्हेअर रोज येत, आणि आम्ही भिजलेल्या टॅली-शीट दोरीवर वाळत घालून त्यावरच्या रेघा पुन्हा वाचत असू. पेन्सिलीच्या रेघा टिकल्या होत्या, शाईच्या गेल्या होत्या. त्यानंतर मी शाईचं पेन धक्क्यावर कधी नेलं नाही.

मला आठवतं, काम परत सुरू झालं तेव्हा जिथे बंदराची क्रेन नव्हती तिथे जहाजाच्या स्वतःच्या डेरिकनं माल उतरवला. हळू चाललं, पण चाललं. गव्हाचं जहाज लागलं त्या दिवशी पहिली जाळी धक्क्यावर टेकली, तेव्हा मुकादमकाकांनी नारळ फोडला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. गँगमधल्या रिकाम्या जागा नव्या पोरांनी भरल्या होत्या. मी त्या दिवशी हजेरी घेताना प्रत्येकाला आणखी एक प्रश्न विचारला : घरी कोण कोण आहे? हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या बाजूला ती नावं लिहून ठेवली. फर्मला त्याची गरज नव्हती. मला होती.

तीन वर्षं झाली नाहीत तोच २६ जानेवारी २००१ चा भूकंप आला. सकाळी पावणेनऊचा सुमार, झेंडावंदनाची वेळ. भुज, भचाऊ, अंजार यांची काय दशा झाली ते सगळ्यांना ठाऊक आहे. बंदरात जुन्या धक्क्यांच्या खांबांना तडे गेले. कांडल्याच्या जमिनीत वर चिखल, खाली वाळू. हादऱ्यानं ती वाळू पातळ झाली आणि खाडीच्या बाजूला सरकली. बंदर आणि कस्टम यांच्या कचेरीचा मनोरा त्या दिवशी एका बाजूला कलला, माथ्यापाशी सुमारे फूटभर. पडला मात्र नाही. पाइलवर बांधलेली इमारत अशा जमिनीत कशी वागते, यासाठी देशोदेशीचे अभियंते आजही त्या मनोऱ्याचा दाखला देतात. आम्ही त्याच्या सावलीतून जाताना नकळत पावलं भरभर उचलत असू.

या वेळीही बंदर फार दिवस अडलं नाही. कच्छला जे लागत होतं त्यातलं कितीतरी याच धक्क्यांवर उतरलं. त्याच वर्षी गुजरातनं आपत्ती व्यवस्थापनाचं स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केलं आणि २००३ मध्ये त्याचा कायदा केला; देशाचा कायदा त्यानंतर, २००५ मध्ये आला. एका वादळानं आणि एका भूकंपानं मिळून हे घडवलं, असं मी मानतो.

बाकीची भरभराट आकड्यांत सांगता येते. २००७-०८ मध्ये कांडला मालाच्या वजनात देशातल्या प्रमुख बंदरांत पहिलं आलं. २०१५-१६ मध्ये वर्षाला १० कोटी टनांचा टप्पा ओलांडणारं ते पहिलं प्रमुख बंदर ठरलं. २०१७ मध्ये नाव बदलून दीनदयाळ बंदर झालं, तरी ट्रकवाले आणि आम्ही म्हातारे कांडलाच म्हणतो. खाडीच्या बेटांवर चेरांची, म्हणजे आपल्याकडच्या तिवरांची, लागवड झाली. ती मला क्रेनइतकीच मोलाची वाटते. मिठागरांसाठी आणि धक्क्यांसाठी जिथे चेर तोडले गेले, तिथे १९९८ च्या पाण्याला अडवायला काहीच उरलं नव्हतं. इकडचे खाराई उंट पोहत जाऊन चेराचा पाला खातात. तो पाहुणचार अजून चालू आहे, हे पाहिलं की बरं वाटतं.

मधे एकदा, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं. आमचं मूळ घर तिकडचं. रोठा सुपारीच्या बागा झोपल्या, घराचं कौल एक राहिलं नाही. पण चुलतभावाचा फोन लागला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "दादा, माणसं सगळी आहेत." गावात दोन दिवस आधी दवंडी झाली होती, लोक शाळेत जाऊन राहिले होते. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅलरीत उभा होतो. मला मुकादमकाकांची उलटी हातगाडी आठवत होती.

जून २०२३ मध्ये बिपरजॉय आलं तेव्हा मी निवृत्त होतो. हे वादळ समुद्रात जवळजवळ दहा दिवस रेंगाळलं आणि १५ जूनच्या संध्याकाळी जखाऊजवळ जमिनीवर चढलं. त्याआधीच कांडल्याचं काम बंद झालं होतं. जहाजं धक्क्यांवरून सोडून बाहेर खोल पाण्यात पाठवली होती, महाधोक्याचा बावटा चढला होता. आणि या वेळी बावट्यावर भागलं नाही. सखल भागातल्या वस्त्यांत गाड्या गेल्या, भोंग्यावरून सांगितलं गेलं, बसगाड्या लागल्या. बंदराच्या आसपासची माणसं गांधीधामच्या शाळांत आणि सभागृहांत आणली गेली.

आपल्या मंडळाच्या बायकांनी त्या रात्री एका शाळेत खिचडी केली, ते आपल्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. मी दाराशी टेबल टाकून बसलो होतो. नाव, गाव, बरोबर कोण, किती मुलं. तान्ह्या मुलांचीही नावं लिहून घेतली. एकाचं बारसं व्हायचं होतं, तर आईच्या नावापुढे "बाळ" लिहिलं. एक म्हातारा गडी रांगेत उभा होता, ओडिशातल्या गंजमचा. माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "बाबू, तुम्ही लॉगवाले टॅलीबाबू ना?" त्यानं १९९८ साली धाकटा भाऊ गमावला होता. त्यानं स्वतःचं, सुनेचं आणि तीन नातवंडांचं नाव सांगितलं, आणि मी लिहिलेलं बरोबर आहे का ते वाकून पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवून पाचही नावं वाचून दाखवली.

वादळ ओसरल्यावर लोक परत निघाले, तेव्हा मी पुन्हा त्याच टेबलाशी बसलो आणि जाणाऱ्या प्रत्येकापुढे खूण केली. आलेल्यांची आणि गेलेल्यांची टॅली त्या दिवशी जुळली. ती वही माझ्याकडे आहे, पेन्सिलीनं लिहिलेली.